काटा पंचाहत्तरावर

"चढला! काटा चढला!"

हेडक्लार्क साबणाच्या खोक्यावर उभा राहून ओरडत होता. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्या सकाळी एवढी माणसं घुसली होती, की मळक्या चादरींच्या गाड्या बाहेर व्हरांड्यात ढकलाव्या लागल्या. परिचारिका होत्या, वॉर्डबॉय होते, एक्स-रेवाला होता, रुग्णांचे नातेवाईक होते. एक जण तर सलाइनची बाटली उंच धरून आला होता आणि त्या बाटलीच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा सासरा होता. चमत्कार चुकू नये म्हणून सासऱ्यालाही खाटेवरून उठवून आणलं होतं.

सगळ्यांच्या माना वर, भिंतीवरच्या बशीएवढ्या तापमापकाकडे. आमच्या हीटरमधून बाहेर पडणारं पाणी किती गरम आहे, ते हा तापमापक दाखवतो. मी त्या हीटरला वाफ देणाऱ्या बॉयलरवर एकतीस वर्षं कोळसा टाकला. एवढ्या काळात काटा साठाच्या आसपास असायचा. त्या दिवशी तो त्रेसष्ट, सदुसष्ट, सत्तर करत पंचाहत्तरावर जाऊन थांबला.

"आग वाढवलीत का हो?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

"नाही साहेब."

"खरं सांगा."

"एक फावडंही जास्त टाकलेलं नाही."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. आणि हेच उत्तर देऊन मी एका लबाडाचा पहिला साक्षीदार झालो.

त्या लबाडानं स्वतःचं नाव चुंबकाचार्य असं ठेवलं होतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. धुलाईखान्यात पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर डॉक्टर असतो, नाही तर काम न करणारा. हा डॉक्टर नव्हता.

"मित्रहो, पाण्याचे कण म्हणजे काय?" त्यानं हात पसरले. "शाळा सुटलेली पोरं! कोण इकडे पळतंय, कोण तिकडे पळतंय. अशा पोरांना खाऊ वाटता येईल का? नाही येणार. चुंबकशक्ती या कणांना रांगेत उभं करते. आणि रांगेत उभा राहिलेला कण उष्णता घटाघटा पितो!"

"वा!" हेडक्लार्क म्हणाला. हा माणूस स्वतः कधी रांगेत उभा राहिलेला नव्हता.

"चुंबक आठ. प्रत्येकाचे ध्रुव दोन. म्हणजे ध्रुव सोळा. सोळाच का? कारण चंद्राच्या कला सोळा! चंद्र एवढा मोठा समुद्र ओढतो, मग माझे सोळा ध्रुव तुमचं नळातलं पाणी हलवणार नाहीत का?"

चंद्राचा आणि आमच्या नळाचा संबंध काय, हे तिथल्या एकाही पदवीधराला विचारावंसं वाटलं नाही. पदवीधर बरेच होते. एकानं तर वहीत लिहून घेतलं.

चुंबक म्हणजे विटेच्या आकाराचे काळे ठोकळे होते. हीटरमध्ये गार पाणी नेणाऱ्या नळावर त्यानं ते चामडी पट्ट्यांनी बांधले. त्याच नळावर, चुंबकांना खेटून, पाणी कमी-जास्त करायच्या व्हॉल्व्हचं लोखंडी चाक आहे. त्यानं चुंबक आणि चाक दोन्हींवर मिळून एक लाल कापड गुंडाळलं. "लोखंडी चाक शक्ती पिऊन टाकतं, म्हणून झाकावं लागतं," असं सांगितलं. मग डोळे मिटून दोन्ही हात कापडाखाली घातले. याला तो 'ध्रुवजुळणी' म्हणत होता. तोंडानं काहीतरी पुटपुटत तो दोनेक मिनिटं आत चाचपडत राहिला. कपाळाला घाम आला. बायका हळहळल्या, केवढी शक्ती खर्च होतेय बिचाऱ्याची! हात बाहेर काढल्यावर त्यानं कापडाच्या गाठीवर लाखेचं सील ठोकलं.

"एकवीस दिवस कुणी हात लावायचा नाही. हात लावला तर शक्ती फुटेल. शक्ती फुटली तर बॉयलर फुटेल. मग मला दोष द्यायचा नाही."

बॉयलर फुटेल म्हटल्यावर कोण हात लावतो?

त्यानं घाम पुसला तेव्हा मला त्याचे तळवे दिसले. जाड, रापलेले, अंगठ्याच्या मुळाशी पिवळा घट्टा पडलेला. मी ते पाहिलं आणि विसरून गेलो. म्हातारपणी चुकीचं खापर कान-डोळ्यांवर फोडता येतं, पण ही चूक डोळ्यांची नव्हती.

आमच्याकडे काम कसं चालतं, ते इथं सांगायला हवं. छतावरच्या टाकीतून गार पाणी खाली येतं. हीटर म्हणजे एक लांब पिंप. त्याच्या आत नळ्या, नळ्यांत पाणी, नळ्यांभोवती माझ्या बॉयलरची वाफ. गरम झालेलं पाणी भिंतीपलीकडच्या तीन हौदांत जातं आणि तिथं चादरी भिजतात. आणि हे लक्षात ठेवा, हौदात पाणी वरून पडत नाही. कढत पाणी अंगावर उडू नये म्हणून नळाचं तोंड हौदाच्या तळाशी काढलेलं आहे. सकाळी नळ सोडताना तळात कालचं गुडघाभर पाणी असतंच, म्हणून ते तोंड कुणाच्या नजरेला पडत नाही. धार जाड आहे की बारीक, हे आमच्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या तक्त्याची. त्याला रकाना एकच: उष्णता. दर तासाला काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. मी अक्षरं शिकलो ती चाळिशी उलटल्यावर, या तक्त्यासाठीच. त्याआधी मी काड्या ओढायचो आणि त्यांचे आकडे कारकून करायचा. उशिरा शिकलेल्या माणसाला लिहिलेल्या आकड्याचा भारी धाक असतो. मी रोज सुबक अक्षरात ७५ लिहू लागलो. चुंबकाचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला तक्ता दाखवून म्हणायचा, "हे माझं अक्षर नाही हं, तुमच्याच बॉयलरवाल्याचं आहे."

शिवाय कोळसाही कमी लागू लागला. दहा फावडी लागायची तिथं सात. हेही खरंच होतं. माझ्या खांद्याला आराम मिळाला, आणि आराम मिळालेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

आठवडाभरात रुग्णांचे नातेवाईक बाटल्या घेऊन दारात बसू लागले. चुंबकाचं पाणी गुडघ्याला चालतं म्हणे, पोटाला चालतं, मुलीचं लग्न जुळायलाही चालतं. त्यांना आवरायला हेडक्लार्कनं चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. सलाइनवाल्या सासऱ्याला जावयानं पेलाभर पाजलं. सासऱ्याची जीभ पोळली. शक्ती लागली म्हणून जावई खूश.

*

धुलाईखान्याची मुकादम माझी धाकटी बहीण. सव्वीस वर्षं तिथं आहे, हाताखाली सात बायका. सहाच्या भोंग्याला नळ सोडायचा. सातच्या भोंग्याला तिन्ही हौद एकामागून एक भरलेले, नऊला शस्त्रक्रियागृहाच्या चादरी रवाना. हे घड्याळ तिनं सव्वीस वर्षांत चुकवलं नव्हतं. नवरा गेल्यावरही तेराव्या दिवशी ती हौदावर होती.

चमत्काराच्या चौथ्या दिवशी ती बॉयलरखान्याच्या दारात आली.

"दादा, हौद भरत नाहीत रे."

"भरत नाहीत म्हणजे? पाणी पंचाहत्तरचं येतंय."

"गरम येतंय. पण उशिरा येतंय."

"पाणी काय चालत येतं का, उशिरा यायला? तुझं वय झालंय आता."

"माझं वय झालंय? आणि तू काय पाळण्यात आहेस? सहा वर्षांनी मोठा आहेस माझ्याहून."

मी हसलो आणि तक्त्यावर ७५ लिहिलं. तिनं तो आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हौदाकडे परत गेली. ते जाणं मला पुढे बरेच दिवस टोचलं.

चादरी नऊच्या दहा वाजता जाऊ लागल्या. शस्त्रक्रिया खोळंबल्या. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं, मीही दाराशी उभा होतो.

"पाणी जास्त गरम, कोळसा कमी, सगळं सुधारलं," साहेब म्हणाले, "आणि तुमचंच काम तेवढं मागे पडलं? नळ उशिरा सोडता, दुसरं काय!"

"सहाच्या भोंग्याला सोडते, साहेब. बायकांना विचारा."

"बायका तुमच्याच."

चुंबकाचार्य तिथंच खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्या बहिणीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि खेदानं मान हलवली.

"रागावू नका साहेब, यांचा दोष नाही. काही माणसांच्या अंगात उलटी चुंबकशक्ती असते. जन्मतःच. अशा माणसाच्या हाताखाली पाणी सुस्तावतं, माणसं सुस्तावतात. विधवा बायकांत हे प्रमाण जास्त आढळतं."

पंधरा वर्षं शिकून डॉक्टर झालेले साहेब यावर "हं" म्हणाले. निव्वळ "हं"! या "हं"ची मला त्या लबाडाच्या बोलण्यापेक्षा जास्त किळस आली. लबाड त्याच्या पोटासाठी बोलत होता. साहेब कशासाठी बोलत होते?

बहिणीला साहेबांची चिठ्ठी मिळाली. शनिवारपर्यंत काम वेळेवर आलं नाही, तर सोमवारपासून मुकादमी काढून घेण्यात येईल आणि शवागाराच्या फरशा पुसायला लावण्यात येईल. मुकादमीबरोबरच इस्पितळाच्या आवारातलं दोन खोल्यांचं घरही जाणार होतं. त्याच शनिवारी एकवीस दिवस पुरे होत होते, आणि चुंबकाचार्याचा सत्कार ठरला होता. सत्कारानंतर इस्पितळाच्या एकूण एक नळाला चुंबक बांधायच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या.

'उलट्या शक्ती'ची बातमी हौदापर्यंत पोचायला दुपार लागली नाही. दुसऱ्या दिवशी सात बायका एका बाजूला आणि माझी बहीण एका बाजूला. जिच्या बाळंतपणात ती तीन रात्री बसली होती, ती बाईसुद्धा तिच्या हातची बादली घेईना.

"लांबच बरं, मुकादमबाई," ती म्हणाली. "माझ्या घरी लहान मूल आहे."

*

गुरुवारी माझी भाची आली. बहिणीची एकुलती एक मुलगी. ती एका ओतशाळेत इंजिनिअर आहे, वितळलेल्या धातूच्या भट्टीवर. आईनं फोनवर काही सांगितलं नव्हतं, पण आवाजावरून तिनं ओळखलं आणि रजा टाकून आली. स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. मी सगळी हकिगत सांगितली. 'रांगेत उभे कण' आल्यावर तिला हसू आवरेना. 'उलटी शक्ती' आल्यावर ती हसायची थांबली.

"मामा, चुंबक माझ्या रोजच्या कामातला आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे वितळलेला धातू साच्यात ओततो ना, तिथं मोठाले चुंबक लावतात. आणि तिथं त्यांचा परिणाम होतो, अगदी खराखुरा."

"म्हणजे तो खरं बोलतोय?" मी विचारलं.

"ऐका तर. नळातून जोरात जाणारं पाणी काय किंवा धातू काय, सरळ जात नाही. आत हजार भोवरे असतात. हे भोवरेच उष्णता वाहून नेतात. भिंतीजवळचं गरम पाणी मध्ये आणतात, मधलं गार भिंतीकडे ढकलतात. आई दूध तापवताना ढवळते, तसं. ढवळलं नाही तर काय होतं?"

"खाली लागतं, आणि वर कोमटच राहतं," बहीण म्हणाली.

"बरोबर. आता वितळलेल्या धातूतून वीज मजेत वाहते. असा धातू चुंबकाजवळून वाहू लागला की त्याच्या आतच वीज उठते, आणि चुंबक त्या विजेमार्फत धातूला मागे ओढतो. लगाम लागतो. भोवरे मरतात, धातू शांत होतो. आम्हाला साच्यात तो शांतच हवा असतो. पण भोवरे मेले की उष्णता जास्त जाते की कमी?"

मी ढवळण्याचा विचार केला. "कमी."

"कमी! म्हणजे त्याच्या चुंबकानं तुमच्या पाण्याला खरोखर रांगेत उभं केलं असतं, तर पाणी आणखी गार आलं असतं. थाप मारतानासुद्धा गाढवानं उलटी मारलीय. आणि पाण्याचं म्हणाल, तर नळाचं पाणी धातूच्या मानानं वीज इतकी कमी वाहून नेतं, की ते आठ ठोकळे काय, ऐंशी बांधले तरी पाण्याला पत्ता लागणार नाही."

"पण काटा?" मी म्हणालो. "काटा मी स्वतः पाहतो गं! ती काही हातचलाखी नाही."

"पाणी किती येतं, मामा?"

"सांगितलं ना. पंचाहत्तर."

"किती गरम ते नाही विचारलं. किती येतं?"

एकतीस वर्षं मी त्या पाण्याजवळ उभा होतो, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

"मी सांगत होते," बहीण हळूच म्हणाली. "चौथ्या दिवसापासून सांगत होते."

शुक्रवारी सहाच्या भोंग्याला आम्ही तिघं पहिल्या हौदाशी उभे होतो. बहिणीच्या ढवळायच्या दांडक्यावर खाच आहे. पाणी तिथवर आलं की हौद भरला. भाचीनं घड्याळ हातात धरलं. पूर्वी एका हौदाला वीस मिनिटं लागायची. पाणी खाचेला टेकलं तेव्हा चाळीस झाली होती.

भाचीनं भिंतीवर खडूनं मांडलं. टाकीतलं पाणी पंचवीस अंशांचं. पूर्वी ते साठ व्हायचं, म्हणजे पस्तीसनं चढायचं. चाळीस मिनिटांत असे दोन हौद. पस्तीस आणि पस्तीस, सत्तर. आता पंचाहत्तर होतं, म्हणजे पन्नासनं चढतं, पण चाळीस मिनिटांत हौद एकच.

"सत्तरच्या जागी पन्नास. जास्त उष्णता सोडा, तुमचं पाणी पूर्वीपेक्षा कमी उष्णता घेतंय. म्हणून कोळसाही कमी लागतो. अर्धपोटी जेवलं की धान्य उरतं, त्याला चमत्कार म्हणत नाहीत."

"मग पाणी एवढं गरम कसं?"

"थोडंच आहे आणि रेंगाळत जातंय. वाफेजवळ जास्त वेळ बसतं, म्हणून तापतं. कुणीतरी नळ आवळलाय, मामा."

तेव्हा मला ते तळवे आठवले. अंगठ्याच्या मुळाशी तसा घट्टा एकाच धंद्यात पडतो, वर्षानुवर्षं पाना आवळण्याच्या. चुंबकाचार्य नळजोडणीवाला होता! लाल कापडाखाली दोन मिनिटं तो ध्रुव जुळवत नव्हता, चाक फिरवत होता, आणि त्याला घाम आला तो गंजलेल्या चाकाचा.

मी कापड फाडायला निघालो. भाचीनं दंड धरला.

"आज फाडलंत तर उद्या तो म्हणेल, तुम्ही फाडलंत म्हणून शक्ती गेली. आणि आईमुळे गेली असं म्हणेल. उद्याच. सगळ्यांसमोर."

*

शनिवारी पुन्हा तीच गर्दी, त्यात पुष्पगुच्छांची भर. नळ सकाळपासून वाहतच होता, काटा पंचाहत्तरावर. हेडक्लार्कनं भाषण केलं. त्यात 'ऊर्जा' हा शब्द चौदा वेळा आला. मग चुंबकाचार्य सील तोडायला पुढे झाला, जुनी शक्ती उतरवून नवी चढवायला. त्यानं सवयीनं हात कापडाखाली घातले.

"कापड आधी काढा," भाची म्हणाली. "मग हात."

"या कोण?"

"मुकादमबाईंची मुलगी. उलट्या शक्तीची दुसरी पिढी."

लोक हसले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण सगळ्यांसमोर नाही म्हणायला कारण सुचेना. कापड निघालं. भाचीनं साहेबांना विचारून आठही चुंबक सोडवले आणि टोपलीत ठेवले. चाकाला कुणी हात लावला नाही. दहा मिनिटं गेली. काटा पंचाहत्तरावरच.

"पाहिलंत?" चुंबकाचार्य ओरडला. "शक्ती मुरलीय! पाण्यात मुरलीय!"

"मुरलेलं पाणी केव्हाच हौदात गेलं, काका. हे आत्ता टाकीतून आलंय."

"मग नळात मुरलीय!"

"नळात तर नळात. आता चुंबक परत बांधू, तुम्हीच बांधा. म्हणजे मुरलेली अधिक ताजी, दुप्पट शक्ती झाली. काटा तर उतरायला नको ना?"

"उतरणं शक्यच नाही," तो म्हणाला. बोलून गेला खरा, पण त्याची नजर चाकावर गेली. ती नजर मी पकडली. त्यानं आठही चुंबक परत बांधले.

पहिला हौद आम्ही मुद्दाम तळापर्यंत उपसून त्याची मोरी उघडी ठेवली होती. माझ्या बहिणीनं पुढच्या बायकांना मधल्या दारातून पलीकडे बोलावून वाकून बघायला सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नळाचं तोंड दिसत होतं. मनगटाएवढ्या त्या तोंडातून अर्धीच धार लोंबत होती.

"आता हे चाक उघडायचं," भाची म्हणाली.

"त्या बाईनं हात लावला तर मी जबाबदार नाही!" चुंबकाचार्यानं माझ्या बहिणीकडे बोट केलं.

"आई नाही लावणार. साहेबांनी लावावा. त्यांची शक्ती सुलटी असेल."

साहेबांना पुढे यावंच लागलं. त्यांनी चाक धरलं, फिरवलं, फिरवतच राहिले. कितीतरी फेरे ते आवळलेलं होतं. हौदातून आवाज आला. अर्धी धार पाऊण झाली, पाऊण धार मनगटाएवढी झाली, पाणी घुसळत, भोवरे घालत वर येऊ लागलं.

"अगं बाई, हेच आपलं पाणी!" लहान मुलाची आई ओरडली.

आणि आठ चुंबक नळाला मिठी मारून बसलेले असताना काटा खाली आला. सत्तर. पासष्ट. साठ.

चुंबकाचार्य बोलायची सोय शोधत होता, तेवढ्यात भाचीनं चुंबक पुन्हा सोडवले आणि टोपली एक्स-रेवाल्याच्या हातात दिली. "फाटकापर्यंत घेऊन जा." तो गेला. "साहेब, आता चाक होतं तेवढं परत आवळा." साहेबांनी आवळलं. फाटकापाशी चुंबक, इथं काटा. पासष्ट. सत्तर. पंचाहत्तर.

"साहेब चुंबकाचार्य झाले!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सलाइनवाला सासरा खदाखदा हसला. तो बरा असल्याचं पहिलं लक्षण तेच.

"विज्ञानाला अजून पुष्कळ कळायचंय—" चुंबकाचार्य सुरू झाला.

मी पुढे जाऊन त्याचा उजवा हात धरला आणि तळवा वर केला. "नळजोडणी किती वर्षं केलीत?"

त्यानं हात झटकन ओढून खिशात घातला. आयुष्यभर प्रामाणिक कामानं मिळवलेला घट्टा होता तो, आणि त्या माणसाला नेमकी त्याचीच लाज वाटली. पांढरे बूट ओले करत तो मागच्या दारानं गेला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर त्याच्यावर कोणी-कोणी विश्वास ठेवला, तेही लिहावं लागलं असतं.

"मला पहिल्यापासूनच शंका होती," मोठे साहेब म्हणाले.

हेडक्लार्कनं लगेच मान डोलावली. त्यालाही पहिल्यापासूनच शंका होती. पाच मिनिटांत असं निघालं, की त्या अख्ख्या गर्दीला पहिल्यापासून शंका होती. पुष्पगुच्छ कुणाच्या मागे लपवावेत एवढाच प्रश्न उरला.

माझ्या बहिणीनं पोलक्यातून ती चिठ्ठी काढली. साहेब फाडायला हात पुढे करू लागले.

"फाडू नका, साहेब. हिच्या खालीच लिहा, की मुकादमबाईंचं काम बरोबर होतं आणि पाणी कमी होतं. आणि ते उलट्या शक्तीचं खोटं होतं, हेही लिहा. ते सगळ्यांपर्यंत पोचलं, तर सगळ्यांसमोर लिहिलं जाऊ दे."

साहेबांनी खिसे चाचपले. पेन मी दिलं. त्यांनी लिहिलं, मी मोठ्यानं वाचलं. अडखळत वाचलं, पण एकही शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर त्या लहान मुलाच्या आईनं बादली उचलून बहिणीपुढे धरली. बहिणीनं ती घेतली. "चल, नऊ वाजत आले," एवढंच म्हणाली.

माझ्याशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही. तिचा हक्क होता तो. परक्यांनी आचार्याचं ऐकलं, पण मी भाऊ असून आकड्याचं ऐकलं आणि तिचं ऐकलं नाही. काट्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. दुसरा प्रश्न विचारायचं काम काट्याचं नसतं.

म्हणून मी तक्त्यावर पट्टी ठेवून दुसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'हौद भरायला लागलेली मिनिटं'. ते रोज बहीण सांगते आणि मी लिहितो. त्या एकवीस दिवसांचे ७५ खोडले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आणि सांगतो, हे माझंच अक्षर आहे. तुमच्यासमोर कुणी एक आकडा नाचवला तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, जो दाखवत नाहीयेत तो आकडा कुठंय? कुणी एखादी गोष्ट कापडानं झाकली तर कापड काढायला सांगा. आणि जो माणूस रोज त्या पाण्यात हात घालतो, तो काही म्हणत असेल, तर आधी त्याचं ऐका.

आठ चुंबक फाटकापाशी टोपलीतच पडून होते. हेडक्लार्क एक मागायला आला, गुडघ्यासाठी. बहिणीनं दिला नाही. तिनं ते आठही एका फळीवर ठोकून घेतले. वॉर्डातून आलेल्या चादरींत टाचण्या आणि सुया अडकलेल्या असतात, दर महिन्याला कुणा ना कुणा बाईच्या बोटात घुसायच्या. आता प्रत्येक चादर त्या फळीवरून फिरते आणि सुया टचटच चिकटतात. त्यात काही चमत्कार नाही. लोखंड ओढणं हे चुंबकाचं काम आहे, आणि कुणी पुटपुटलं नाही तरी ते तो करतो.